आमच्या घरचा सराव पाठ

परभणीच्या माणसाला दोन म्हणी जन्मतःच मिळतात. पहिली, 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' ही आम्ही स्वतः म्हणतो, आणि जर्मनीला अजून कुणी कळवलेलं नसल्यामुळे ती बिनविरोध चालू आहे. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ही इतर लोक म्हणतात. मोठ्या शहरात जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ. आम्हाला तिचा राग येत नाही. उलट पोराबाळांच्या भवितव्याचा विचार करताना आमच्याकडे हीच म्हण थोडा फेरफार करून वापरतात. डॉक्टर बनी तो बनी, इंजिनियर बनी तो बनी, नहीं तो मास्तर!

मास्तरकीकडे येण्याचा हा राजमार्ग. माणूस आधी दोनचार दारं ठोठावतो, आतून कुणी 'ओ' देत नाही अशी खात्री झाली की शाळेच्या दारात येऊन उभा राहतो आणि पुढे तीस वर्षं, 'मला पहिल्यापासून मुलांना घडवायची आवड' असं प्रत्येक निरोप समारंभात सांगतो. त्यामुळे आमची भाची चांगली पहिल्या वर्गात बी.ए. झालेली असताना, एकही दार न ठोठावता, 'मला शाळेत शिकवायचंय' म्हणाली तेव्हा घरात शांतता पसरली. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, बुडत्याने काडी धरावी तसं विचारलं,

"गणित ना?"

"नाही."

"मग इंग्रजी?"

"नाही बाबा. समाजशास्त्र. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल."

दाजींनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता हातातच ठेवला. जे काही दिसतंय ते अंधुक दिसलेलंच बरं, असा त्यांचा विचार असावा.

दाजींचं चुकत नव्हतं. शाळा नावाच्या गावात समाजशास्त्राचं घर गावकुसाजवळ असतं. गणिताच्या मास्तरला शिकवण्या असतात, इंग्रजीच्या मास्तरला मान असतो, विज्ञानाच्या मास्तरला निदान प्रयोगशाळेची किल्ली असते. इतिहासाच्या मास्तरकडे काय असतं? एक गुंडाळलेला नकाशा, आणि तोही खिळ्याला टांगताना पडतो. पुन्हा हा विषय म्हणजे एक विषय नव्हेच. एका वाड्यात चार बिऱ्हाडं राहावीत तसे इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र एका नावाखाली नांदतात. नळ एकच, भांडणं वेगळी. शाळेत एखादे गुरुजी रजेवर गेले की मोकळ्या वर्गावर कुणाला पाठवतात? इतिहासवाल्याला. आणि इतिहासवाला रजेवर गेला तर त्याच्या वर्गावर कुणाला पाठवतात? कुणालाच नाही. पोरं वाचतील म्हणतात, आपली आपण.

एवढ्यावर भागलं असतं तरी दाजी सावरले असते. पण भाचीने दुसरा बॉम्ब टाकला. शिक्षण कुठे घेणार, तर पुण्याला, स्पायसर नावाच्या ख्रिस्ती विद्यापीठात.

आता आमच्या गल्लीत माहितीची देवाणघेवाण फार जलद होते. संध्याकाळपर्यंत निरनिराळ्या ओट्यांवरून निरनिराळे अहवाल आले. तिथे रोज बायबल पाठ करून घेतात, असं एका ओट्याचं म्हणणं. तिथे जेवणात काय काय असतं हे दुसऱ्या ओट्याने आवाज खाली आणून सांगितलं. शेवटी मीच चौकशी केली. निघालं ते असं. ही संस्था १९१५ साली कोईमतूरला सुरू झाली. हलत हलत १९४२ साली पुण्यात आली. २०१४ साली महाराष्ट्राच्या कायद्याने तिचं विद्यापीठ झालं. चालवणारे लोक ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. आणि त्यांच्या खाणावळीत मांसाहार नाही! शुद्ध शाकाहार. दारू नाही, तंबाखू नाही. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्यांचा विसावा, त्या काळात पुस्तकाला हात नाही.

हे ऐकून आमची आई एकदम त्या विद्यापीठाच्या बाजूची झाली. तिचं वय आज सत्त्याऐंशी आहे आणि बाजू बदलण्याचा तिचा वेग एखाद्या आमदाराला लाजवील असा आहे. "शनवार पाळतेत? मंग चांगलेच लोक हायेत की! मारुतीचा वार हाय." तंबाखू नाही हे ऐकून तिने दाजींकडे एक कटाक्षही टाकून घेतला. फक्त एका गोष्टीला ती अडली. हा पंथ चहा-कॉफीलाही उत्तेजन देत नाही असं मी सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"च्या नाई? गं माय! मंग मास्तर शिकवतेत कशाच्या जिवावर?"

राहिलेल्या शंकाकुशंकांसाठी मी इतिहासाचीच मदत घेतली. दाजींना म्हटलं, सावित्रीबाईंचं नाव घेता ना? त्यांच्या फोटोला ३ जानेवारीला हार घालता ना? मग हेही ऐका. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कुलात, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं असतं. या फरार बाई १८२७ साली अमेरिकेहून निघून मुंबईला आल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. ज्योतिराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ज्यांनी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं तेही बंगालातल्या श्रीरामपूरचे पाद्रीच. तेव्हा आपल्या पोरीने मास्तरीण व्हायला मिशनवाल्यांकडे जाणं ही नवी गोष्ट नाही, पावणेदोनशे वर्षांची रूढी आहे. रूढी म्हटल्यावर दाजी शांत झाले. आमच्याकडे कुठलीही गोष्ट जुनी आहे एवढं सिद्ध झालं की ती आपोआप योग्य ठरते.

भाची गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत परत आली ती एक जाडजूड वही घेऊन. त्या वहीचं नाव टाचणवही.

पूर्वी आमच्या लहानपणी मास्तर वर्गात यायचे, टोपी सारखी करायचे, 'काल कुठपर्यंत आलो रे?' असं विचारायचे, पोरं दहा पानं मागचं ठिकाण सांगायची आणि तास सुरू व्हायचा. आता तसं नाही. पस्तीस मिनिटांचा एक पाठ घ्यायचा तर आधी टाचण काढावं लागतं. घटक, उपघटक, इयत्ता, वेळ. मग सामान्य उद्दिष्टं, विशिष्ट उद्दिष्टं. शैक्षणिक साधनं. विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान. प्रस्तावना. हेतुकथन. विषयप्रतिपादन. फलकलेखन. संकलन. मूल्यमापन. गृहपाठ. मी वाचून दमलो. आमचं लग्न याच्याहून कमी तयारीत झालं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी हर्बार्ट नावाचा गृहस्थ आहे. हा १७७६ साली जन्मला, १८४१ साली वारला, आणि तेवढ्या अवधीत त्याने शिकवण्याच्या पायऱ्या ठरवून टाकल्या. त्याने सांगितल्या चार, चेल्यांनी केल्या पाच. चेले नेहमी एक जास्तच सांगतात. त्या पाचांना आपल्याकडे 'हर्बार्टची पंचपदी' म्हणतात. हे नाव कानावर पडताच आई माळ बाजूला ठेवून म्हणाली, "म्हना मंग, मीबी टाळ घिऊन येते." भजनाच्या आरंभीच्या पाच अभंगांखेरीज दुसरी पंचपदी तिला ठाऊक नाही, आणि गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बाईला ती ठाऊक असण्याचं कारणही नाही. मला मात्र हर्बार्ट आवडला. कारण तो जर्मन होता. जगात जर्मनी, भारतात परभणी यांची गाठ शेवटी आमच्या ओसरीवर पडली ती अशी.

हर्बार्टच्या पुढची पायरी सूक्ष्म अध्यापन. ही १९६० नंतर अमेरिकेतून आली. यात एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर चर्चा, बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवणं, सहा मिनिटं पुन्हा चर्चा. एकूण छत्तीस. विद्यार्थी म्हणून खऱ्या मुलांऐवजी आपलेच पाचदहा जण बसवले तरी चालतात. सुट्टीत आपलेच पाचदहा जण म्हणजे आम्ही.

तेव्हापासून आमच्या घरात रोज दुपारी शाळा भरू लागली. पटावर मी, सौभाग्यवती, बहीण, दाजी, शेजारची दोन पोरं आणि आई. पहिल्या दिवशी प्रबलन कौशल्य झालं. विद्यार्थ्याने उत्तर दिलं की 'शाब्बास', 'छान', 'अगदी बरोबर' म्हणून त्याला उत्तेजन द्यायचं, याला प्रबलन म्हणतात. माझ्या आयुष्यात मला एका दुपारी एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती. भारताच्या दक्षिणेला कोणता महासागर आहे हे सांगितल्याबद्दल भाची मला 'फारच छान' म्हणाली. सौभाग्यवतींनी विचारलं की हे कौशल्य फक्त शिक्षकांसाठीच आहे का, घरातल्या पुरुषांनाही शिकता येतं? दुसऱ्या दिवशी चेतक बदल कौशल्य. म्हणजे शिक्षकाने एका जागी पुतळ्यासारखं उभं राहू नये, हिंडावं, आवाज चढवावा, उतरवावा, मध्येच थांबावं. ती मध्येच थांबली तेव्हा दाजींना वाटलं तास संपला, आणि ते उठून गेले.

तिसऱ्या दिवशी पूर्ण पाठ होता. इयत्ता आठवी, घटक संस्थानांचं विलीनीकरण. सुट्टी संपल्यावर हाच पाठ तिला पुण्यात खऱ्या वर्गावर, मॅडमच्या देखत घ्यायचा होता. तिकडे इंग्रजीतून, आमच्यासाठी मराठीतून. ओसरीच्या भिंतीला नकाशा टांगला. (पडला. पुन्हा टांगला.) टाचणात 'पूर्वज्ञान' या रकान्यात लिहिलं होतं : 'भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला हे विद्यार्थ्यांना माहीत आहे.' अध्यापनाचं सूत्रच आहे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. जे माहीत आहे तिथून सुरुवात करायची आणि जे माहीत नाही तिकडे बोट धरून न्यायचं.

भाचीने प्रस्तावनेचा पहिला प्रश्न टाकला. "सांगा बरं, आपला देश केव्हा स्वतंत्र झाला?"

शेजारचं पोर हात वर करणार तेवढ्यात आई म्हणाली, "आपला मंजी कोनाचा?"

"आपला म्हणजे... आपला, आजी."

"पुन्याचा का परभनीचा?"

भाची थांबली. हे थांबणं चेतक बदलातलं नव्हतं. टाचणात प्रश्नाचं अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं, पण विद्यार्थ्याकडून उलट प्रश्न आला तर काय, त्याचा रकाना नव्हता.

"आमी सोतंत्र झालो ते आक्शनीत," आई म्हणाली. "पंदरा अगस्टाला इथं निजामच व्हता. झेंडा लावला असता तर हात तोडला असता."

आता परभणीच्या वाचकाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाने भारतात सामील व्हायचं नाकारलं होतं. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. फौजेची कारवाई, पण तिला नाव पडलं 'पोलीस ॲक्शन'. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून काळ त्याच्यावरूनच मोजतात. ॲक्शनच्या आधीचं लग्न, ॲक्शननंतरचा दुष्काळ. मध्ये गेले तेरा महिने आणि दोन दिवस. म्हणूनच मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावतात, आणि आमच्या पोरांना बाकीच्या महाराष्ट्राहून एक झेंडावंदन आणि नशीब चांगलं असेल तर एक जिलबी जास्त मिळते. पुस्तकातही हे सगळं आहे. पण पुस्तकातलं निराळं आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसलेलं निराळं.

भाचीने खडू खाली ठेवला आणि ती आईसमोर मांडी घालून बसली. पाठाचा विद्यार्थी आणि शिक्षक यांची अदलाबदल झाली, आणि ती कुणी जाहीर केली नाही.

आईचं माहेर कळमनुरीकडचं. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आईचं माहेर तिला न विचारता परजिल्ह्यात गेलं. तसा तिला याचा सराव आहे. ती जन्मली निजामाच्या राज्यात, मी जन्मलो द्वैभाषिक मुंबई राज्यात, धाकटी बहीण महाराष्ट्रात. आणि आमचं बिऱ्हाड या गल्लीतून हललेलं नाही.

रझाकारांच्या धाकाने १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांचं घर एका रात्रीत निघालं. आई दहा वर्षांची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून ठेवल्या, वाजू नयेत म्हणून. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. "नदीला पानी नव्हतं. नुसती वाळू. वाळूच्या ह्या अंगाला भ्याव, त्या अंगाला सोतंत्र." हा झाला भूगोल. नदी ही नैसर्गिक सीमा कशी असते, हे मी आठवीत पाठ केलं होतं. बैलांना आवाज न करता वाळूतून ओढून नेण्याइतकी ती रुंद असते, हे मला त्या दुपारी कळलं.

पलीकडे गेल्यावर आजोबांनी दुकानात पैसे काढले. दुकानदार म्हणाला, हे चालत नाहीत. हैदराबादचा रुपया वेगळा, त्याला हाली म्हणायचे. इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हालींचे सहा कलदार. "सात रुपये दिऊन सा घ्यायचे मंजी सोतंत्राचा एक रुपाया कापून घेतला की नाई?" आईने विचारलं. दाजी जन्मभर बँकेत होते. परकीय चलनाचं इतकं सोपं विवरण आपण ऐकलं नव्हतं असं ते म्हणाले. हे झालं अर्थशास्त्र. सीमेवर करोडगिरीचा नाका असायचा, म्हणजे निजामाची जकात. गाडीभर भांड्यांची जकात द्यायची नसेल तर नाक्याला वळसा घालायचा. हे कुठल्या शास्त्रात बसतं ते भाचीने लिहिलं नाही.

नागरिकशास्त्र तर तिने दाजींच्या तोंडूनच काढलं. दाजी म्हणाले, "म्हणजे सतरा सप्टेंबरला निजाम गेला." आई म्हणाली, "गेला? मंग राजपरमुक कोन झाला?" ही गोष्ट खरी आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख निजामच होते. दाजी गप्प झाले. भाची 'शाब्बास, आजी' म्हणाली. प्रबलन.

इथपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. मग भाचीने विचारलं, "आणि आजी, तुमच्या घराचं काय झालं? मागे राहिलं त्याचं?"

आई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घराची कुलपं शेजारच्या चाचाकडं व्हती. चाचीनं रोज दिवा लावला आमच्या देवाम्होरं. कुनी इचारलं तर घर आमचंच हाय मनायचे. परत आलो तर सुपलीबी जागंवर." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "अन् आक्शनीनंतर उलटं झालं. मंग त्यांच्यावर लोक उठले. आमच्या बापानं चाचाला, चाचीला अन् लेकरायला आठ दिस माजघरात ठिवलं. मी भाकरी द्यायला जायाची. त्यायचं लेकरू माझ्याएवढंच. ते रडायचं नाई. आमी भ्यालो तवा मीबी रडले नव्हते. भ्यालेलं लेकरू रडत नसतं. हे लिव्ह तुझ्या वहीत."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. शेजारची पोरंसुद्धा नाहीत. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर काय गुदरलं ते पाहायला दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस येऊन गेली होती. तिचा अहवाल सरकारने कैक दशकं बाहेर येऊ दिला नाही. तो लोकांना वाचायला मिळाला २०१३ साली. आमच्या ओसरीवर तो कधी बंद नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. मीसुद्धा या घरात इतकी वर्षं राहतोय, माझ्या आईकडून मला सगळं ऐकायला मिळालं, पाऊस, सोयरीक, सासुरवास, हे नाही. कारण मी तिला कधी प्रस्तावनेचा प्रश्न टाकला नव्हता. तो टाकायला पोरीला पुण्याहून शिकून यावं लागलं.

त्या रात्री भाचीने टाचण पुन्हा लिहिलं. 'शैक्षणिक साधने' या रकान्यात आधी होतं : नकाशा, खडू, फळा. खाली तिने लिहिलं : आजीचं बोलणं, फोनवर ध्वनिमुद्रित. 'पूर्वज्ञान' या रकान्यातली ओळ तिने खोडली आणि बराच वेळ पेन चावत बसली. मी विचारलं, "काय लिहिणार?"

ती म्हणाली, "मामा, पूर्वज्ञान हे गृहीत धरायचं नसतं, विचारायचं असतं. पण एवढं लिहायला रकाना लहान आहे."

सुट्टी संपली, ती गेली. आठवड्याने तिचा फोन आला. पाठ घेण्याआधी तिने वसतिगृहातल्या मैत्रिणींवर रंगीत तालीम केली होती. त्या विद्यापीठाचा एक फायदा असा, की तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं येतात. तिने पहिला प्रश्न टाकला, आपला देश केव्हा स्वतंत्र झाला, आणि पुढे आपणच जोडलं, 'आमच्याकडे सतरा सप्टेंबर १९४८.' झालं! गोव्याची मुलगी उठली. आमच्याकडे १९ डिसेंबर १९६१, पोर्तुगीज गेले तो दिवस. पुदुच्चेरीची म्हणाली, आमच्याकडे १ नोव्हेंबर १९५४, फ्रेंचांनी कारभार सोडला तो. बंगालात नदिया जिल्ह्यातली एक होती. तिने सांगितलं, आमचा भाग फाळणीच्या घोळात आधी तिकडे गेला होता, तीन दिवसांनी परत इकडे आला. आमच्या गावी १८ ऑगस्टला झेंडा लावतात. सिक्कीमची सगळ्यांत शेवटी बोलली. आमच्याकडे १६ मे १९७५, पण तो स्वातंत्र्याचा म्हणायचा की सामील होण्याचा, यावर आमच्या घरात अजून जेवताना वाद होतो.

"मामा, एका खोलीत पाच तारखा निघाल्या!" भाची ओरडून सांगत होती. "आणि सगळ्यांना पंधरा ऑगस्टही आपलाच वाटतो!"

मला वाटतं, समाजशास्त्र म्हणतात ते एवढंच असावं. चार बिऱ्हाडांचा वाडा, नळ एकच. पण प्रत्येक बिऱ्हाडात पाणी पहिल्यांदा कोणत्या दिवशी आलं याची तारीख निराळी, आणि ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. गणिताला एक उत्तर असतं, म्हणून त्याला शिकवण्या लागतात. ज्या विषयाला पाच उत्तरं आणि पाचही खरी, त्याला दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेणारा माणूस लागतो. ते कौशल्य सूक्ष्म अध्यापनाच्या यादीत मला सापडलं नाही. पण सहा मिनिटांत ते होणारही नाही.

खऱ्या वर्गावरचा पाठ कसा झाला, ते तिने फोनवर थोडक्यात सांगितलं. पस्तीस मिनिटांचा पाठ पन्नास मिनिटं चालला. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी मध्ये थांबवलं नाही. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, वेळेकडे लक्ष असू द्या. आणि मग म्हणाल्या, आजींना आणखी काही आठवत असेल तर तेही मुद्रित करून आणा. वर्गातल्या मुलांना गृहपाठ दिला होता. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'आपला' म्हणजे कोणाचा, आणि तो केव्हा स्वतंत्र झाला?

मॅडमचा निरोप मी आईला सांगितला. तिला तो आवडला, पण तो तिने दाखवला नाही. आता दर रविवारी भाचीचा फोन येतो आणि आई ओसरीवर भिंतीला टेकून पाच-दहा मिनिटं बोलते. ती बोलत असताना सौभाग्यवती तिच्या हातात चहाचा कप आणून देतात. परवा बोलता बोलता मध्येच थांबून तिने मला विचारलं,

"कारे, ते मिशनवाले मास्तरांना पगार देतेत ना?"

"देतात की."

"मंग मला कामून नाई?" असं म्हणून तिने फोन पुन्हा कानाला लावला, आणि कळमनुरीहून पुढे सुरू केलं.